तळपायाची चामखीळ : सोळा आठवड्यांच्या नोंदी

४ जानेवारी

या नोंदी दोघींच्या आहेत. माझ्या उजव्या तळपायावर, अंगठ्यामागच्या उंचवट्यावर एक चामखीळ आहे आणि माझ्या नऊ वर्षांच्या लेकीच्या बोटांवर चार. तिच्या आधी दिसल्या. माझी कळायला चार महिने गेले, कारण ज्याने त्याने ती पायात होणारं कुरूप आहे म्हटलं. मीही म्हटलं. चालताना खडा रुतल्यासारखं व्हायचं, वरची कातडी पिवळट आणि टणक झाली होती. एका दवाखान्यात दाखवायला गेले, तर पाय हातात न घेताच "कुरूप आहे, मऊ चप्पल वापरा" म्हणून सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी मऊ चप्पल घेतली, कुरुपाच्या पट्ट्या जमेल तशा, मध्येच लावल्या, मध्येच सोडल्या. जागा वाढत गेली. त्या चार महिन्यांचा मला अजून राग येतो. पाय उलटा करून भिंगातून बघायला एक मिनिट पुरलं असतं.

परवा त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, त्यांना खरोखर एकच मिनिट लागलं. पात्याने वरचा टणक थर अलगद तासला आणि भिंग माझ्याच हातात दिलं. "तुम्हीच बघा." पिवळट कातडीत सुईच्या टोकाएवढे काळपट-तांबडे ठिपके होते, मी नऊ मोजले. तासताना त्यातल्या दोन ठिपक्यांतून रक्ताचा टिपूस आला. "याला लोक बी म्हणतात, मूळ म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "या बारीक केशवाहिन्या आहेत. आतलं रक्त गोठलं की काळ्या दिसतात."

मग त्यांनी दाखवल्या रेघा. तळव्यावर, बोटांच्या ठशासारख्या बारीक समांतर रेघा असतात. त्या चामखिळीपाशी येऊन थांबत होत्या आणि तिला वळसा घालून पुढे जात होत्या. नुसता घट्टा असेल तर रेघा त्याच्यावरून सरळ जातात. कुरुपात मधोमध काचेसारखा कठीण गाभा असतो, काळे ठिपके नसतात. कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. माझी चिमटीत धरल्यावर मी ओरडलेच.

निघताना त्या म्हणाल्या, "ठिपके गेले म्हणून थांबू नका. रेघा परत आल्या की थांबा." हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

५ जानेवारी

मोजमाप. पट्टी शेजारी ठेवून फोटो काढले, कारण रोज बघणाऱ्या डोळ्याला फरक कळत नाही.

मी: उजवा तळपाय, ७ मिमी.
लेक: उजवी तर्जनी, नखाशेजारी, ३ मिमी. उजवं मधलं बोट, पेरावर दोन, प्रत्येकी २ मिमी. डावा अंगठा, ४ मिमी, खरखरीत, फुलकोबीसारखी फुटलेली.

ठरलं असं की माझ्यावर उपचार, तिच्यावर सध्या काही नाही. मुलांच्या चामखिळी पुष्कळदा आपणहून जातात. वर्षभरात साधारण निम्म्या, दोन वर्षांत दोनतृतीयांश. तिच्या दुखत नाहीत. माझी दुखते, आणि मोठ्यांच्या तळपायावरची सहसा चिवट असते.

६ जानेवारी

शब्दाबद्दल थोडं, कारण यातूनच घोळ होतात. मराठीत आपण चामखीळ म्हणताना तीन-चार वेगळ्या गोष्टींना एकाच नावाने हाक मारतो. मानेवर, काखेत लोंबणारा मऊ, देठ असलेला मांसल तुकडा, ज्याला डॉक्टर स्किन टॅग म्हणतात, तीही चामखीळ. तो विषाणूमुळे होत नाही आणि लागणही होत नाही. वयानुसार पाठीवर-चेहऱ्यावर चिकटवल्यासारखे तपकिरी डाग उगवतात, त्यांनाही कोणी चामखीळच म्हणतं. लहान मुलांना मध्ये खळी असलेले चकचकीत, मोत्यासारखे दाणे येतात, ते मोलस्कम. त्याचा विषाणू वेगळाच, देवीच्या विषाणूच्या कुळातला. आणि चौथी आमची: खरखरीत, रेघा तोडणारी, विषाणूची.

माझं कळकळीचं म्हणणं एवढंच की 'चामखिळीचं औषध' कोणी सुचवलं तर आधी विचारावं, कुठल्या चामखिळीचं? तिळावर, रंग बदलणाऱ्या किंवा वाढणाऱ्या डागावर ॲसिड लावणं धोक्याचं आहे. त्याखाली कर्करोग असेल तर ॲसिडने तो झाकला जातो आणि वेळ जातो.

९ जानेवारी

धाकट्या बहिणीला काल, आमच्या चामखिळींचा विषाणू 'एचपीव्ही' आहे, एवढंच सांगितलं होतं. आज सकाळी तिचा फोन, आवाज रडवेला. "ताई, तो तर कॅन्सरचा विषाणू ना?"

तिला समजावताना माझंही नीट समजून झालं. एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस हा एक विषाणू नाही, दोनशेहून जास्त प्रकारांचं कुटुंब आहे. प्रत्येक प्रकाराची जागा बहुतेक ठरलेली. हातापायाच्या चामखिळी मुख्यतः १, २, ४, २७ आणि ५७ या प्रकारांच्या. चेहऱ्यावर, हाताच्या पाठीवर येणाऱ्या चपट्या चामखिळी ३ आणि १० यांच्या. जननेंद्रियांवरच्या बहुतांश ६ आणि ११ यांच्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे प्रामुख्याने १६ आणि १८ असतात. तो संबंध दाखवणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. २००६ पासून आलेल्या लसी या कर्करोगकारक प्रकारांसाठी आहेत, काहींत ६ आणि ११ सुद्धा. लेकीला ती लस वेळेवर द्यायचीच आहे, पण ती बोटांवरच्या चामखिळींसाठी बनलेली नाही. बहिणीचा जीव भांड्यात पडला. जननेंद्रियावरच्या चामखिळीला मात्र घरचं औषध कधीच नाही, ते डॉक्टरांचंच काम, हेही तिला सांगितलं.

चामखीळ संसर्गजन्य आहे हे जुन्या काळापासून लोकांना वाटत होतं. विषाणूमुळे होते हे १९०७ साली इटलीच्या ज्युसेप्पे च्युफो यांनी दाखवलं. चामखिळीचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की जिवाणूही अडकावेत, आणि त्या गाळलेल्या द्रवाने पुन्हा चामखीळ उगवली. विषाणूचे कण प्रत्यक्ष दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला, १९४९ साल उजाडलं.

हा कण सुमारे ५५ नॅनोमीटरचा. आत वर्तुळाकार डीएनए, जेमतेम आठ हजार अक्षरांचा. बाहेर चरबीचं आवरण नाही, म्हणून कोरडेपणाला दाद देत नाही, ओल्या फरशीवर, टॉवेलवर, घासणीवर तग धरतो. कातडीला डोळ्यांना न दिसणारी चीर पडली की तिच्यातून तो बाह्यत्वचेच्या अगदी तळच्या पेशींत शिरतो. तिथे तो गुपचूप राहतो. पेशी विभागत वर सरकतात, त्यांच्याबरोबर तोही वर येतो, आणि वरच्या, गळून पडायच्या बेतात असलेल्या थरांत आल्यावर मग भराभर स्वतःच्या प्रती काढतो. रक्तात उतरत नाही, पेशी फोडून आरडाओरडा होऊ देत नाही. शरीराच्या पहारेकऱ्यांना महिनोन्महिने पत्ताच लागत नाही तो यामुळे.

यातून मला सगळ्यात उपयोगी काय वाटलं तर चामखिळीला मूळ नसतं. ती बाह्यत्वचेतच असते, खालच्या थराला रेटते, पण त्यात घुसत नाही. म्हणजे 'मुळासकट खणून काढा' या सल्ल्याला खणायला काही नाहीच. खणलं तर रक्त आणि व्रण मिळतो, आणि तळव्यावरचा व्रण चामखिळीपेक्षा जास्त दिवस दुखतो.

११ जानेवारी

पहिली रात्र. औषध म्हणजे १७ टक्के सॅलिसिलिक ॲसिड आणि सोबत लॅक्टिक ॲसिड, कोलोडियन नावाच्या चिकट द्रावणात. बाटलीच्या झाकणाला काडी आहे.

पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात. टणक कातडी पांढरी, फुगीर झाली. पुसून नेलफाइलने घासली, पांढरा भुगा निघेपर्यंत. गुलाबी दिसू लागलं किंवा झोंबलं की थांबायचं. मग चामखिळीभोवती पेट्रोलियम जेलीचं कडं, कानकोरण्याच्या टोकाने. कड्याच्या आत एक थेंब, तो वाळू दिला, वर दुसरा. दोन मिनिटांत पांढरा पातळ पापुद्रा धरला. वर चिकटपट्टी. सगळं मिळून वीस मिनिटं.

ही नेलफाइल फक्त या एका कामाची. तिच्यावर दोऱ्याने गाठ मारून ठेवलीय, म्हणजे कोणी चुकून नखांना वापरणार नाही. घरातली वजरी मी आता वापरायची नाही, टॉवेल वेगळा, न्हाणीघरात स्लिपर.

१८ जानेवारी

चूक झाली. लवकर उरकावं म्हणून तीन दिवस जेलीचं कडं घातलं नाही. औषध बाजूला पसरलं, चामखिळीभोवतीची चांगली कातडी पांढरी पडून सोलली, खाली लालभडक. टाच टेकवून चालतेय. तीन दिवस औषध बंद, नुसती जेली आणि पट्टी. सॅलिसिलिक ॲसिड चामखीळ कुठे संपते ते ओळखत नाही. वरच्या टणक थरातल्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा सांधा ते सैल करतं, मग ती कातडी आजारी असो वा निरोगी.

२५ जानेवारी

कातडी भरली, पुन्हा सुरुवात. ठिपके अजून नऊच.

लेक नखं खाते. आज तिच्याजवळ बसून बघितलं. पुस्तक वाचता वाचता उजवी तर्जनी तोंडात, दात नखाच्या कोपऱ्यावर, नेमके चामखिळीशेजारी. दातांनी कातडीला चिरा पडतात आणि विषाणूला वाट मिळते. नखाभोवतीच्या चामखिळी म्हणूनच नखं खाणाऱ्यांत जास्त, आणि त्या निघायलाही अवघड. ओठांवरही जाऊ शकतात. ओरडण्यात अर्थ नव्हता. बोटाला दिवसभर कागदी चिकटपट्टी लावू या का विचारलं, तर निळी मिळाली तर चालेल म्हणाली.

झोपताना अंधारात तिने विचारलं, "आई, तुझ्या पायाची मी दिली का तुला?"

मी तिला खरं तेच सांगितलं. विषाणू शिरल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत एक ते सहा महिने, कधी त्याहूनही जास्त काळ जातो. तेवढ्यात आपण किती ओल्या फरशांवरून चाललो, किती गोष्टींना हात लावले, कोण मोजणार? कोणाकडून आली हे शोधता येत नाही, आणि शोधून बरीही होत नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग वर्गात मुलं माझा हात धरत नाहीत ते चूक आहे." हो, चूक आहे. चामखीळ झाकली, खाजवली-चावली नाही, तर हात धरल्याने फारसं काही बिघडत नाही. उद्या बाईंशी बोलणार आहे.

८ फेब्रुवारी

चार आठवडे झाले, त्यातला आठवडाभर खाडा. ६ मिमी. एवढ्या कष्टाला एक मिलिमीटर.

शेजारीण म्हणते, सरळ गोठवून टाका, एका फटक्यात जाईल. म्हणून चाचण्यांचे आकडे काढून बसले. २०१० साली नेदरलँड्समधल्या एका चाचणीत २५० जणांचे तीन गट होते: द्रव नायट्रोजनने गोठवणं, सॅलिसिलिक ॲसिड आणि नुसती वाट बघणं. तेरा आठवड्यांनी हाताच्या वगैरे साध्या चामखिळी नायट्रोजनने ४९ टक्के लोकांच्या गेल्या, ॲसिडने १५, काहीच न करता ८. हा फरक मोठा आहे. तळपायाच्या बाबतीत मात्र ३०, ३३ आणि २३, म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये २४० जणांच्या तळपायांवर ५० टक्के ॲसिड आणि नायट्रोजन यांची तुलना झाली. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे १४ टक्के. फक्त चौदा!

हा आकडा बघून मन खट्टू झालं. पण तो माहीत असलेला बरा. तळपायाची चामखीळ दोन आठवड्यांत गेली नाही म्हणून लोक औषध सोडतात, मग पात्याने खणतात, मग दुसरं काही चोपडतात. खरा हिशेब बारा आठवड्यांचा आहे आणि त्यानंतरही खात्री नाही, हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझे ते चार महिने वेगळे गेले असते. माझ्या तळपायाला नायट्रोजनचा जादा फायदा दिसत नाही, दुखणं मात्र जादा. ॲसिडच चालू ठेवतेय.

चिकटपट्टीबद्दलही वाचलं. २००२ सालच्या एका छोट्या चाचणीत नुसत्या जाड चिकटपट्टीने ८५ टक्के मुलांच्या गेल्या आणि त्याचा फार बोलबाला झाला. नंतरच्या चाचण्यांत तसा फायदा दिसला नाही. मी पट्टी लावते ती औषध जागेवर राहावं म्हणून.

२२ फेब्रुवारी

५ मिमी. सात ठिपके.

१ मार्च

लेकीचा डावा अंगठा. चामखीळ वहीच्या कडेला अडकून फाटली, पानावर रक्त. या आठवड्यात दुसऱ्यांदा. ती स्वतःच म्हणाली, "ही काढून टाकू या." डॉक्टरांकडे गेलो.

द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो. डॉक्टरांनी तिला आधीच सांगितलं, "दुखणार आहे. दहा अंक मोज, अकराव्याला मी थांबते." मला हे फार आवडलं. मुलांना 'मुंगी चावल्यासारखं' सांगून फसवलं की पुढच्या वेळी ती येत नाहीत. नळीतून फुस्स आवाज, चामखीळ पांढरीशुभ्र, भोवती पांढरं कडं. सातपर्यंत मोठ्याने मोजलं, आठ-नऊ-दहा दात आवळून. नंतर अर्धा तास बोट ठणकत होतं. नायट्रोजनने विषाणू मरत नाही, तो ज्या पेशींत राहतो त्या मरतात, आणि त्या पडझडीकडे शरीराचं लक्ष जातं.

तेवढ्यात माझे प्रश्न विचारून घेतले. घरी ॲसिड कोणी लावू नये? मधुमेह असलेल्यांनी, पायाला रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी, तळव्याला बधिरपणा असलेल्यांनी. भाजलं तरी त्यांना कळत नाही आणि जखम चिघळते. चेहऱ्यावर नाही. गरोदरपणी विचारल्याशिवाय नाही. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, किंवा चामखिळी अचानक भराभर वाढल्या, तर आधी डॉक्टर. आणि काहीच लागू पडलं नाही तर? त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं: चामखिळीत गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचं इंजेक्शन देऊन प्रतिकारशक्तीला तिथे बोलावणं, ब्लिओमायसिन हे कर्करोगावरचं औषध, लेझर. "पण तुमच्यावर ती वेळ आलेली नाही. सात आठवडे झालेत, धीर धरा."

२ मार्च

अंगठ्यावर फोड, गडद लाल पाण्याचा. फोडायचा नाही. पट्टी.

१५ मार्च

४ मिमी. ठिपके तीन, तेही फिकट. चिमटीत धरलं तर दुखत नाही! सकाळी अनवाणी खोलीभर चालून बघितलं. खडा नाही.

आज औषध थांबवावंसं वाटलं. वहीचं पहिलं पान उघडून बघितलं आणि लावलं.

लेकीचा फोड सुकून खपली पडली. खाली गुलाबी कातडी.

२२ मार्च

ठिपके नाहीत. जागा गुळगुळीत, भिंगातून काचेसारखी. पण रेघा अजून काठापाशी थांबतात. डोळ्यांना बरी दिसणारी जागा भिंगातून अजून बरी नाही. औषध चालू.

२९ मार्च

आज जे झालं त्याची अपेक्षा नव्हती. लेकीच्या मधल्या बोटाच्या पेरावरच्या दोन्ही चामखिळी चपट्या झाल्यात, वर बारीक काळा पापुद्रा. त्यांना आम्ही काहीही लावलेलं नाही. गोठवला होता तो दुसऱ्या हाताचा अंगठा.

शरीराच्या टी-पेशींनी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनी, विषाणूला एकदा ओळखलं की न छेडलेल्या चामखिळीसुद्धा कधीकधी एकदम जातात. गोठवल्यामुळे ओळख पटली की त्या तशाही जाणारच होत्या, हे एका मुलीच्या दोन बोटांवरून ठरवता येणार नाही. अंगारे-मंत्रांनी चामखीळ गेल्याचे अनुभव लोक मनापासून सांगतात, त्यांच्यामागेही हेच असावं. जायची वेळ आणि उपायाची वेळ एक आली की श्रेय उपायाला जातं. माझ्या ॲसिडलाही हेच लागू आहे, हे लिहून ठेवते.

५ एप्रिल

बारा आठवडे. रात्री पाय भिजवून दिव्याखाली धरला, भिंग घेतलं. वरच्या काठाकडून तीन रेघा आत आल्यात. अर्ध्यापर्यंत स्पष्ट, पुढे पुसट. लेकीला बोलावलं. तिने पालथं पडून, नाक तळव्याला लागेल इतक्या जवळून बघितलं. "चौथी पण आहे, आई. बारीक."

१९ एप्रिल

मधल्या बोटाचं पेर साफ. कुठे होत्या ते फोटो बघितल्याशिवाय सांगता येत नाही, व्रण नाही.

डावा अंगठा वेगळीच गोष्ट. गोठवलेल्या जागी मध्ये बरी कातडी आणि भोवती बारीक खरखरीत कडं उगवलंय. गोठवल्यावर असं कडं कधीकधी येतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुन्हा गोठवायचं का, हे तिलाच विचारलं. "आता वहीला अडकत नाही ना. थांबू या."

२६ एप्रिल

माझा तळवा: रेघा एका काठाने शिरून दुसऱ्या काठाने बाहेर पडतात, सगळ्या. बोटाने चाचपलं तर जागा सापडत नाही. औषध आज बंद. गाठ मारलेली नेलफाइल कचऱ्यात.

उजवं मधलं बोट: काही नाही.
डावा अंगठा: कडं, ३ मिमी. दुखत नाही.
उजवी तर्जनी, नखाशेजारी: ३ मिमी, जानेवारीत होती तशीच. निळी पट्टी चालू.

पुढची मोजणी ३१ मे.